रात्री उशिरापर्यंतची हॉटेले आणि बार : नागपुरात निर्णय नेमका कोणाचा असावा?

धंतोलीकर

नमस्कार. धंतोलीत माझे वास्तव्य अठ्ठावीस वर्षांचे आहे. आमच्या रस्त्यावर दोन रुग्णालये आहेत आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर एक बार-रेस्टॉरंट आहे, ज्याच्या गच्चीवर गेल्या वर्षापासून टेबले मांडली जात आहेत. शनिवारी आणि रविवारी तेथील संगीत रात्री साडेबारा-एकपर्यंत चालते. मी ११२ वर फोन करतो, पोलिसांची गाडी येते, आवाज खाली येतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा वर जातो. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची असून तिची झोप एकदा मोडली की सकाळपर्यंत परत येत नाही, आणि शेजारच्या रुग्णालयातील रुग्णांना तर खिडकी लावून घेण्यापलीकडे काहीच करता येत नाही.

मात्र हा धागा केवळ गाऱ्हाणे मांडण्यासाठी काढलेला नाही. या प्रकरणाचा पाठपुरावा करताना मला असे आढळले की प्रत्येक कार्यालय दुसऱ्या कार्यालयाकडे बोट दाखवते. महापालिकेच्या झोन कार्यालयात सांगण्यात आले की दारूचा परवाना उत्पादन शुल्क विभागाचा आहे, आमचा नाही. उत्पादन शुल्क विभागात सांगण्यात आले की परवाना नियमानुसार आहे आणि आवाजाचा विषय पोलिसांचा आहे. पोलीस ठाण्यात उत्तर मिळाले की परवाना जिल्हाधिकारी देतात, तेव्हा तो रद्द करायचा असेल तर तेथे जा. तीनही ठिकाणची माणसे सौजन्याने बोलली आणि तिघांचेही म्हणणे कागदोपत्री बरोबर होते, हीच खरी अडचण आहे.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपल्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. आता जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर शहराला पुन्हा नगरसेवक मिळालेले आहेत. तेव्हा रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या व्यवसायांबाबत आपण त्यांच्याकडे नेमके काय मागायचे, आणि मुळात जे त्यांच्या हातात आहे तेच मागतो आहोत ना, हे येथे ठरवावे अशी माझी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.

वकील_सिव्हिल_लाइन्स

आपला प्रश्न योग्य जागी आहे, कारण अनेक निवेदने चुकीच्या पत्त्यावर जातात आणि तेथेच संपतात.

प्रथम वेळेविषयी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि त्याने सर्वसाधारण दुकाने व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास मुभा दिली. त्याच वेळी काढलेल्या अधिसूचनेने परवाना कक्ष (परमिट रूम), बिअर बार, दारूची दुकाने यांना या मुभेतून वगळले. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने हेच पुन्हा स्पष्ट केले, की दारू न विकणारी आस्थापना रात्रभर चालू शकते आणि पोलिसांनी किंवा स्थानिक यंत्रणेने तिला केवळ वेळेच्या कारणावरून अडवू नये. म्हणजे जेवणाच्या हॉटेलची वेळ आणि बारची वेळ हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे विषय आहेत, आणि आपल्याकडील बहुतेक चर्चेत ते एकत्र कालवले जातात.

दारूबाबत सांगायचे तर परवाना महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली मिळतो. परवाना कक्षाचा एफएल-३ हा परवाना जिल्हाधिकाऱ्यांमार्फत दिला जातो व दर वर्षी त्याचे नूतनीकरण होते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असा कक्ष रात्री दीडपर्यंत चालू शकतो. नाताळ आणि ३१ डिसेंबर अशा रात्रींना शासन ही वेळ पहाटे पाचपर्यंत वाढवते. यातील कोणतीही वेळ महापालिकेचे सभागृह कमी किंवा जास्त करू शकत नाही.

आता धंतोलीच्या गच्चीविषयी, कारण त्याचे उत्तर वेळेच्या नियमात नाही, ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या काळात बंदिस्त सभागृहासारख्या जागा सोडल्यास ध्वनिवर्धक किंवा ध्वनिक्षेपण यंत्रणा वापरता येत नाही. उघडी गच्ची ही बंदिस्त जागा नव्हे. म्हणून दहानंतर गच्चीवर संगीत वाजले, तर आवाज किती डेसिबल होता हा वाददेखील उद्भवू नये. वाजणे हाच भंग आहे. बंदिस्त दालनातून येणारा आवाज असेल तर मोजमाप लागते. निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, व्यापारी क्षेत्रात ५५, आणि रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाभोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र शासनाने घोषित केले असेल तर त्यात ४०. खासगी जागेच्या हद्दीवर ही मर्यादा ५ डेसिबलपेक्षा अधिक ओलांडता येत नाही. याचा अर्थ अशा घोषित क्षेत्रात रुग्णालयालगतच्या बारच्या कुंपणाशी रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये. साधे संभाषणही त्याहून मोठ्या आवाजात होते, हे लक्षात घेतले म्हणजे नियम किती कडक आहे ते कळेल.

आपल्या तक्रारीत ‘मोठा आवाज’ असे न लिहिता ‘रात्री दहानंतर उघड्या गच्चीवर ध्वनियंत्रणेचा वापर’ असे लिहा आणि दिनांक, वेळ व रुग्णालयापासूनचे अंतर नमूद करा. या एका बदलाने तक्रारीचे वजन वाढते.

रात्रपाळी

मी शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे आणि महिन्यातले आठ-दहा दिवस माझी रात्रपाळी असते. वकीलसाहेबांनी जेवण आणि दारू वेगळी केली याबद्दल त्यांचे आभार, कारण या वादात आमच्यासारख्यांचे हाल कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

मेडिकल आणि मेयो या दोन्ही शासकीय रुग्णालयांत गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तसेच सीमेपलीकडील बालाघाट, छिंदवाडा येथून रुग्ण येतात. रुग्णवाहिका रात्री अकराला, बाराला पोहोचते. सोबतच्या नातेवाइकांनी दुपारपासून काही खाल्लेले नसते. त्या वेळी बाहेर एखादा पोह्यांचा किंवा पोळी-भाजीचा ठेला उघडा असला तर त्यांची सोय होते, परंतु अकरा वाजले की गस्तीची गाडी येते आणि ठेलेवाले घाईघाईने स्टोव्ह विझवतात. मी कित्येकदा माझ्या डब्यातील पोळ्या नातेवाइकांना दिलेल्या आहेत. लहान मूल असलेली बाई रात्री एक वाजता ‘ताई, दूध कुठे मिळेल?’ असे विचारते तेव्हा या एवढ्या मोठ्या शहरात तिला काय उत्तर द्यावे ते सुचत नाही.

शासनाने २०१७ मध्ये परवानगी दिली असेल तर ती आमच्या चौकापर्यंत का पोहोचली नाही?

वकील_सिव्हिल_लाइन्स

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. चार भिंतींतील उपाहारगृहाला २०१७ च्या कायद्याचे संरक्षण आहे. ठेला मात्र आस्थापना नव्हे. त्याला पथविक्रेता अधिनियम, २०१४ लागू होतो. त्या कायद्यानुसार विक्रीच्या जागा व वेळा ठरवण्याचे काम महापालिकेने नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्याने करायचे असते. त्यामुळे बारच्या वेळेबाबत सभागृहाचे हात बांधलेले असले, तरी मेडिकल चौकात, रेल्वे स्थानकासमोर किंवा गणेशपेठ बसस्थानकाजवळ रात्रभर जेवण मिळावे की नाही, हा निर्णय खऱ्या अर्थाने महापालिकेचा आहे. धागाकर्त्यांनी विचारले होते की त्यांच्या हातात काय आहे, तर त्यातील सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, असे माझे मत आहे.

सदरचा_हॉटेलवाला

सदरमध्ये माझे परवाना कक्षासह रेस्टॉरंट आहे. वडिलांनी सुरू केले, मी चालवतो. येथे बहुतेक मंडळी त्रस्त रहिवासी आहेत याची जाणीव ठेवून लिहितो.

धंतोलीकर काका, आपल्या आईंना जो त्रास होतो त्याचे समर्थन कोणताही जबाबदार व्यावसायिक करणार नाही. गच्चीवर दहानंतर संगीत लावणाऱ्यामुळे आमच्यासारखे, ज्यांनी खर्च करून दालन ध्वनिरोधक केले, तेही बदनाम होतात. परंतु काही बाबी आमच्या बाजूनेही पाहाव्यात.

आम्ही दर वर्षी ३१ मार्चपूर्वी परवाना शुल्क एकरकमी भरतो, आणि ती रक्कम लहान नसते. त्याशिवाय अन्न परवाना आहे, अग्निशमनाचे प्रमाणपत्र आहे, वस्तू व सेवा कर आहे, मद्यावरील मूल्यवर्धित कर आहे. ग्राहकाचे वय पाहावे लागते. बिअरसाठी एकवीस आणि इतर विदेशी मद्यासाठी पंचवीस. इतके सर्व पाळून आम्ही दीड वाजता शटर ओढतो, आणि त्यानंतर रस्त्यावर जे घडते त्याचा दोष मात्र आमच्या नावावर जमा होतो. दीडनंतरची गर्दी पानठेल्यापाशी आणि अंडाभुर्जीच्या गाड्यांपाशी असते. पुष्कळदा ही मंडळी आमच्याकडे आलेलीच नसतात. वाइन शॉपमधून बाटली घेऊन मोटारीत किंवा विनापरवाना भोजनालयात बसलेली असतात. शहराबाहेरच्या रस्त्यांवर अनेक ढाब्यांत बाटली बाहेरून आणायची आणि रस्सा तेथे मागवायचा, अशी पद्धत सर्रास चालते. दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६८ आणि ८४ खाली त्यांच्यावर कारवाई होते, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सुरू होते. परवानाधारकाची वेळ कमी केली तर हा ग्राहक घरी जाणार नाही, तो तिकडे वळेल, याचा विचार व्हावा.

एप्रिल २०१७ चा अनुभव मला चांगला आठवतो. महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतील मद्यविक्री सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, तेव्हा शहरातील अनेक बार एका दिवसात थांबले. जुलैमध्ये न्यायालयाने महापालिका व नगरपालिका हद्दीबाबत स्पष्टीकरण दिल्यावर हळूहळू ते पुन्हा उघडले. त्या तीन-चार महिन्यांत माझ्याकडील वेटर आणि आचारी गावी गेले, काही परत आलेच नाहीत. लोकांनी पिणे थांबवले होते, असे मात्र मला कोठेही दिसले नाही.

उत्तर_नागपूरची

हा धागा वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते आहे. चर्चा धंतोली, सदर, धरमपेठ यांची चालली आहे. आमच्याकडे, उत्तर नागपुरात, गच्चीवरचे संगीत हा प्रश्नच नाही. आमच्याकडे देशी दारूचे दुकान सकाळी उघडते आणि रात्री बंद झाल्यावरही मागच्या दाराने चालते. सकाळी मुली शाळेत जातात तेव्हा त्या दुकानासमोर माणसे पडलेली असतात. त्याबद्दल कोणी डेसिबल मोजत नाही.

आम्ही बायकांनी एकदा ‘आडवी बाटली’चा विचार केला होता. २००८ च्या आदेशानुसार प्रभागातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. गावात हे जमते. नागपुरात मात्र १५१ नगरसेवक अवघ्या ३८ प्रभागांत आहेत. एका प्रभागाची लोकसंख्या साठ हजारांच्या घरात जाते. प्रभाग हाच घटक धरला तर ज्या बाईच्या दारासमोर दुकान आहे तिला तीन किलोमीटरवरच्या, ते दुकान कधी न पाहिलेल्या बाईची सही आणि नंतर मतही मिळवावे लागते. मजुरी बुडवून आम्ही सह्या गोळा केल्या आणि पहिल्या टप्प्यावरच थकलो.

मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले होते की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात बिअर शॉप किंवा दारूचे दुकान काढायचे असेल तर सोसायटीचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. ही चांगली गोष्ट आहे, पण सोसायटी असणाऱ्यांसाठी. आमच्या वस्तीत पट्ट्याची घरे आहेत, सोसायटी नाही, त्यामुळे आमचे ना-हरकत कोण विचारणार? निवेदन द्यायचे असेल तर आमचा हा मुद्दा त्यात आलाच पाहिजे, नाहीतर त्यावर मी सही करणार नाही.

धंतोलीकर

ताई, आपले म्हणणे मनाला लागले. मी माझ्या रस्त्यापुरता विचार करत होतो, हे मान्य करतो. आपला मुद्दा निवेदनात केवळ येईल असे नाही, तर तो सर्वांत वर असेल.

हॉटेलवाले भाऊ, आपले म्हणणेही मला पटते, एका बाबीचा अपवाद करून. दीडनंतर रस्त्यावर जे घडते त्याची जबाबदारी आपली नाही असे आपण म्हणता, परंतु आपल्या दारातून बाहेर पडणारा ग्राहक निदान गाडी चालवत जाणार नाही, एवढे पाहणे आपल्या हातात असावे. मोटार वाहन कायद्यानुसार रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे आणि आपल्याकडून निघणारे बहुतेक जण ती ओलांडूनच चावी हातात घेतात. शहरात त्या वेळी मेट्रो नसते, महापालिकेची ‘आपली बस’ नसते. ग्राहकाला ऑटो किंवा टॅक्सी बोलावून देणे ही परवान्याची अट का असू नये?

सदरचा_हॉटेलवाला

असावी. आम्ही काही जण आजही चालकाची सोय करून देतो. अट सर्वांना सारखी असेल तर माझी हरकत नाही.

मिहानची_नोकरदार

मी मिहानमधील, म्हणजे विमानतळालगतच्या उद्योग प्रकल्पातील, एका कंपनीत काम करते. माझी पाळी रात्री साडेबाराला संपते आणि कंपनीची गाडी मला खामल्यात घराजवळ सोडते. २०१७ च्या कायद्याच्या कलम १३ मुळे हे शक्य झाले आहे: रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येते आणि तिच्या संरक्षणाची व घरापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था मालकाने करायची असते. माझ्या कंपनीत हे पाळले जाते. पण रात्री चालणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये काउंटरवर किंवा स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बायकांसाठी ते पाळले जाते का? मी ज्यांच्याशी बोलले आहे त्या सर्व स्वतःच्या खर्चाने किंवा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून घरी जातात. चोवीस तास हॉटेले उघडी ठेवण्याला माझा मनापासून पाठिंबा आहे, मात्र तेथे भांडी घासणाऱ्या बाईला पहाटे तीनला घरी कोण पोहोचवणार, हे आधी ठरावे.

आणखी एक. वर्धा रोडवर रात्री ज्या ठिकाणी एखादे चहाचे किंवा जेवणाचे दुकान उघडे असते तेथून जाताना मला भीती वाटत नाही. भीती बंद शटरच्या रांगेची वाटते. त्यामुळे ‘सगळे अकराला बंद करा’ या मागणीने स्त्रिया सुरक्षित होतील असे कृपया कोणी लिहू नये.

निवृत्त_शिक्षक_महाल

तरीही मी तेच लिहिणार आहे, निदान दारूपुरते. चाळीस वर्षे मी शिकवले. शेजारचा वर्धा जिल्हा गांधीजींच्या वास्तव्यामुळे अनेक दशके दारूमुक्त घोषित आहे, गडचिरोली १९९३ पासून आहे. तेथे चोरटी विक्री होते हे मला ठाऊक आहे, परंतु तेथील बाई तक्रार करायला उभी राहते तेव्हा कायदा तिच्या बाजूला असतो. आपल्याकडे कायदा दीड वाजेपर्यंत दुकानदाराच्या बाजूला असतो. वेळ अकराची करावी, एवढेच माझे म्हणणे.

वकील_सिव्हिल_लाइन्स

सर, आपल्या भूमिकेचा आदर आहे. परंतु ती मागणी राज्य शासनाकडे करावी लागेल. महापालिकेने तसा ठराव केला तरी तो शिफारशीपलीकडे जाणार नाही. शिफारशीलाही मोल असते, हे खरे.

आर्किटेक्ट_लक्ष्मीनगर

अद्याप कोणी बांधकामाकडे वळलेले नाही म्हणून लिहितो. महापालिकेची खरी ताकद तेथे आहे.

गच्चीवर मांडव, पत्र्याचे छत किंवा काचेची भिंत उभारली की ते बांधकाम ठरते आणि त्याला मंजुरी लागते. मंजूर नकाशात गच्ची मोकळी दाखवलेली असेल आणि प्रत्यक्षात तेथे साठ खुर्च्या असतील, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस देता येते. वाहनतळाची जागा स्वयंपाकघराला दिली असेल तर तोही नकाशाचा भंग आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३७६-ए नुसार धोकादायक किंवा उपद्रवकारक वापर थांबवण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. या कोणत्याही कारवाईसाठी उत्पादन शुल्क विभागाला विचारावे लागत नाही.

आगीचा विषय तर सर्वांत गंभीर आहे. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि चौदा जीव गेले. डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यात हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत पंचवीस जणांचा मृत्यू झाला, आणि त्यांत क्लबमध्ये काम करणारे कर्मचारीच मोठ्या संख्येने होते. आपल्या राज्यात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार प्रत्येक अशा इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने जानेवारी व जुलै महिन्यात, म्हणजे वर्षातून दोनदा, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र द्यायचे असते. मी व्यवसायानिमित्त अनेक जागा पाहिल्या आहेत. अग्निशामक सिलिंडर भिंतीवर असतो, परंतु दुसरा जिना कोठे असे विचारले तर बिअरच्या क्रेट रचलेला एक कोपरा दाखवला जातो. त्या क्रेट हलवायला पाच मिनिटे लागतात, आणि आगीत पाच मिनिटे नसतात.

कोणत्या आस्थापनेने हे प्रमाणपत्र दिले आणि कोणी दिले नाही, याची झोननिहाय यादी महापालिकेने आपल्या संकेतस्थळावर लावावी, एवढी एकच मागणी मान्य झाली तरी निम्मे काम होईल.

धंतोलीकर

सर्वांच्या प्रतिसादांतून निवेदनाचा मसुदा पुढीलप्रमाणे आकारास आला आहे. देशी दारूच्या दुकानांबाबत मतदानाचा घटक संपूर्ण प्रभाग न धरता दुकानाभोवतीची वस्ती धरावी, अशी शिफारस सभागृहाने ठरावाद्वारे राज्य शासनाकडे पाठवावी. मेडिकल, मेयो, रेल्वे स्थानक व गणेशपेठ बसस्थानक यांच्या परिसरात रात्रभर खाद्यविक्रीसाठी पथविक्रेता समितीमार्फत जागा व वेळ निश्चित करावी. अग्निसुरक्षा प्रमाणपत्रांची यादी प्रसिद्ध करावी आणि गच्चीवरील वापराची तपासणी मंजूर नकाशा हाती घेऊन करावी. रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राचे फलक लावावेत आणि रात्रीच्या तक्रारीवर काय झाले ते तक्रारदाराला लेखी कळवण्याची व्यवस्था पोलिसांसह ठरवावी. रात्री काम करणाऱ्या स्त्रियांच्या वाहनाची तपासणी कामगार विभागाने करावी. आणि परवाना कक्षांनी ग्राहकाच्या परतीची सोय करण्याची अट नूतनीकरणाच्या वेळी घालावी.

महालचे सर, अकराची मागणी यात घातलेली नाही, कारण ती सर्वांची नाही. आपण स्वतंत्र पत्र द्यावे, मी ते सोबत जोडीन.

उत्तर_नागपूरची

मसुदा मान्य आहे. आमच्या वस्तीतील चाळीस सह्या मी आणते. निवेदन मराठीतच असावे आणि सभेच्या आधी आम्हाला वाचून दाखवावे.

वकील_सिव्हिल_लाइन्स

एकच दुरुस्ती. शेवटच्या दोन मागण्या महापालिकेकडे मागू नका. कामगार विभागाची मागणी कामगार उपायुक्तांकडे, आणि परवान्यातील अटीची मागणी जिल्हाधिकारी व उत्पादन शुल्क अधीक्षक यांच्याकडे स्वतंत्र पत्राने पाठवा. परवान्यांचे वर्ष ३१ मार्चला संपते, त्यामुळे पत्र नूतनीकरणाचे अर्ज निकाली निघण्यापूर्वी तेथे पोहोचायला हवे. तीनही पत्रांची पोच घ्या आणि पोचीवरील आवक क्रमांक येथे नोंदवा, म्हणजे पाठपुरावा कोणीही करू शकेल.